बांध्यांच्या मुलखात स्पिटफायर

पवनी तालुक्यात चाकांचं मॉडेल विमान उडवायचं तर पहिला प्रश्न जागेचा. कोंढा हे धानाच्या पट्ट्यातलं गाव. वस्ती सोडून चार पावलं बाहेर पडलं की बांध्या सुरू होतात आणि नजर पोचते तिथवर संपत नाहीत. प्रत्येक बांधीला चहूबाजूंनी धुरा, धुऱ्याला लागून दुसरी बांधी, ती जरा खालच्या पातळीवर. पाणी एकीतून दुसरीत उतरावं म्हणून जमीन पिढ्यान्‌पिढ्या अशी तुकड्यातुकड्यांत बसवलेली. धानाला ही रचना उत्तम, विमानाला वाईट. सव्वा मीटर पंखाच्या मॉडेललाही उडायला पंधरा-वीस मीटरची सरळ, टणक पट्टी लागते आणि उतरायला त्याहून जास्त. कापणीनंतर बांधी कोरडी होते खरी, पण तिच्यात धसकटं उभी असतात. दोन इंची चाक एका धसकटाला अडलं की विमान नाकावर. शाळेच्या मैदानावर पोरं असतात, मोठ्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि एसटी. खळं सपाट असतं, पण ते जेवढं असतं तेवढंच असतं.

माझं पोट मोटार वाइंडिंगवर चालतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजून भट्टीत सुकवायची, हा रोजचा धंदा. विमानांचा नाद नागपूरच्या कॉलेजात लागला. एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. तिथे एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग. आधी हातानं फेकायची ग्लायडरं, मग कंट्रोल लाइन, म्हणजे दोन तारांना बांधलेलं विमान आपल्याभोवती गरगरा फिरवायचं. घेरी येईपर्यंत फिरायचो. रेडिओवर चालणारं विमान हातात आलं ते पुढे, स्वतःचे पैसे मिळू लागल्यावर.

हे स्पिटफायर नागपूरच्या एका हौशी माणसाकडून जुनंच घेतलं. फोमचं, पंख १२० सेंटिमीटरचे, पुढे बारा इंची पंखा, आत घेता येणारी चाकं. स्पिटफायरचं रूप त्याच्या पंखांत आहे. त्या लंबवर्तुळाकार पंखांपुढे बाकीची लढाऊ विमानं सुताराच्या हातची वाटतात. पण चाकांच्या बाबतीत खरं स्पिटफायरही अडचणीचंच होतं. त्याच्या चाकांचे पाय पंखाच्या मुळाशी बसवलेले आणि बाहेरच्या बाजूला दुमडणारे. त्यामुळे जमिनीवर दोन चाकांत अंतर कमी, विमान उंच आणि डगडगतं. मॉडेल खऱ्याबरहुकूम केलेलं असलं की दोषही बरहुकूम येतात. गवतावर उतरताना एक पाय मुरगळला की फोमच्या पंखातली खोबण उखडून निघे, आणि मी संध्याकाळी दुकान बंद करून अरल्डाइट कालवत बसे.

तेव्हा प्रश्न चाकं मजबूत करण्याचा नव्हताच. आमच्या मुलखात सपाट काय आहे, हा होता. सपाट आहे ते पाणी. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी समाजातल्या माणसांनी धानासाठी आणि उसासाठी बांधलेले जुने तलाव इथे गावोगाव आहेत. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात ‘मामा तलाव’, म्हणतात. मोटारसायकलनं थोडं गेलं की असा एक तलाव आहे. मातीची लांब पाळ, पाळीवर झाडं, एका टोकाला जादा पाणी काढून द्यायचा सलंग, मधे पाटात पाणी सोडायचं तुडुम. पाळीच्या आतल्या बाजूला पाणी खोल आणि मोकळं. तिथे तीन-साडेतीनशे पावलांची सरळ पट्टी मिळते. तिच्यात धसकट नाही, धुरा नाही, एसटी नाही.

स्पिटफायरला फ्लोट लावायची कल्पना माझी नव्हे. ती खऱ्या स्पिटफायरच्या बाबतीत १९४० सालीच निघाली होती, आणि कारणही हेच, जागा नाही. त्या एप्रिलमध्ये जर्मनीनं नॉर्वेवर हल्ला केला, तिथले विमानतळ हाती घेतले आणि ब्रिटिशांना लढाऊ विमानं उतरवायला जमीन उरली नाही. त्यांच्या ग्लॅडिएटर विमानांची एक तुकडी शेवटी लेशास्कोग नावाच्या गोठलेल्या तळ्यावर उतरली आणि जर्मन बॉम्बफेकीत तिची दाणादाण उडाली. नॉर्वेला पट्टी नाही, पण समुद्राचे फाटे आहेत, मग स्पिटफायरच पाण्यावर का उतरवू नये, असा विचार झाला. ब्लॅकबर्न रॉक या विमानाचे फ्लोट त्याला जोडून पाहायचं ठरलं. तेवढ्यात नॉर्वेची मोहीमच आटोपली आणि बेत बारगळला. पुढे फॉलंड कंपनीनं स्पिटफायर मार्क पाचला नीट त्याच्यासाठी आखलेले फ्लोट बसवले आणि ते १९४२च्या ऑक्टोबरात उडालं. अशी तीन विमानं १९४३मध्ये इजिप्तच्या ग्रेट बिटर सरोवरावर नेली. एजियन समुद्रातल्या बेटांच्या आडोशाला लपून जर्मन मालवाहू विमानं टिपायची, असा डाव होता. पण जर्मनांनी ती बेटंच घेतली आणि तीनही विमानं लढाई न बघता राहिली. १९४४मध्ये मार्क नऊचं एक करून पाहिलं, तेही एकच.

जपान्यांनी मात्र हा प्रकार मनावर घेतला. पॅसिफिकमध्ये बेटं शेकडो आणि पट्ट्या मोजक्या. नाकाजिमा कंपनीनं झीरो विमानाच्या पोटाखाली एक मोठा आणि पंखांखाली दोन छोटे फ्लोट देऊन ३२७ विमानं बांधली. ती अल्यूशन बेटांपासून सॉलोमनपर्यंत वापरली गेली. चाकांच्या झीरोपुढे ती हळू होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ज्या बेटावर चाकांचं झीरो उतरूच शकत नाही तिथे तुलना कशाशी करायची?

स्पिटफायरच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट आवडते. त्याचा रचनाकार आर. जे. मिचेल हा मुळात पाण्यावरच्या विमानांचाच माणूस. श्नायडर चषकाच्या शर्यतींसाठी त्यानं केलेली सुपरमरीनची एस. मालिकेतली विमानं फ्लोटवरचीच होती. त्यांपैकी एस. ६बी या विमानानं १९३१मध्ये तो चषक कायमचा ब्रिटनकडे नेला आणि त्याच महिन्यात ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या वर वेग गाठला. स्पिटफायर पहिल्यांदा उडालं ते १९३६च्या मार्चमध्ये, म्हणजे त्याच्या घराण्यात पाणी आधी, चाकं नंतर. शर्यतीच्या विमानांच्या फ्लोटवर काम केलेल्या आर्थर शिरवॉलनंच पुढे युद्धात स्पिटफायरचे फ्लोट आखले. दोन्ही फ्लोटांचे फोटो मी मोबाइलवर मोठे करकरून पाहिले आणि खूप शिकलो. मुख्य म्हणजे फ्लोट हा डबा नसतो, ती होडी असते.

आधी हिशेब. बॅटरीसकट विमान दीड किलोच्या आसपास भरणार होतं. फ्लोटनी निव्वळ तेवढं वजन तोलून धरलं तर ते काठोकाठ बुडतील आणि एका झुळकेत विमान कलंडेल. म्हणून दोघांनी मिळून साधारण दुप्पट वजन तोलावं, असा मॉडेलवाल्यांचा दंडक आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा प्रत्येकी दीड ते पावणेदोन लिटरचे फ्लोट. लांबी विमानाच्या लांबीच्या तीनचतुर्थांशाहून थोडी जास्त, ७८ सेंटिमीटर. रुंदी ८, सर्वांत खोल जागी उंची ६. दोन फ्लोटांमधलं अंतर पंखाच्या चौथ्या हिश्श्याएवढं, म्हणजे ३० सेंटिमीटर. याहून जवळ आणले तर विमान आडव्या वाऱ्यात कलतं. जास्त दूर नेले तर एका फ्लोटला पाणी लागताच दुसऱ्याकडून विमान गरकन वळतं.

साहित्याचा प्रश्न आमच्या धंद्यातल्या माणसाला सोपा जावा असं वाटेल, पण उलट आहे. दुकानात बादलीभर वार्निश असतं आणि ते थर्माकोलला लागलं की थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. होड्यांच्या फायबरला वापरतात ते रेझिनही तसंच. तिथे इपॉक्सीच लागतं. शिवाय मासळीच्या पेट्यांचा पांढरा थर्माकोल म्हणजे नुसते चिकटवलेले दाणे, त्यांच्या फटींतून पाणी हळूहळू मुरतं. म्हणून शीतगृहाच्या भिंतीत भरतात तो घट्ट, बारीक रंध्रांचा फोम नागपूरहून मागवला. कापायला हीटरच्या कॉइलमधली नायक्रोम तार सरळ करून धनुष्याला ताणली आणि बॅटरी चार्जरवर जोडली. या तारेला वेग एकच चालतो. रेंगाळलात तर खड्डा पडतो, घाई केलीत तर तार मागे वाकते आणि कड तिरकी निघते. दोन बाजूंना पत्र्याचे नमुने टाचून, एका टोकाला पुतण्या आणि दुसऱ्याला मी, असं आम्ही कापत गेलो. पुतण्याला फक्त आकडे म्हणायचे होते. नमुन्यावर खुणा केलेल्या, त्यानं ‘तीन’ म्हटलं की दोघांनी तिसऱ्या खुणेवर असायचं.

सगळ्या कामात जीव ज्या जागी अडकतो ती जागा म्हणजे फ्लोटच्या तळाची पायरी. पुढून येणारा इंग्रजी व्ही आकाराचा तळ मध्याच्या किंचित मागे एकाएकी तुटतो आणि सेंटिमीटरभर वर उचलून पुढे शेपटीकडे तिरका चढत जातो. ही पायरी नसेल तर विमान पाण्यावर कितीही पळो, उठत नाही. वाहतं पाणी बाकदार पृष्ठभागाला चिकटून त्याला खाली ओढतं. चमच्याची पाठ नळाच्या धारेला लावून कुणीही हे पाहू शकतो, चमचा धारेकडे खेचला जातो. पायरीच्या धारदार कडेवर पाण्याची ती पकड तुटते, मागच्या पोकळीत हवा शिरते आणि फ्लोटचा मागचा अर्धा भाग मोकळा होतो. म्हणून ती कड धारदारच हवी. इपॉक्सी आणि काचेचं कापड चढवलं की कड गोल होते, तेव्हा मी तिथे पॉलिश पेपर एका चपट्या लाकडाला गुंडाळून ती पुन्हा घासली, नख फिरवलं की अडेल इतकी.

पायरी कुठे असावी यावर तडजोड नाही. विमानाच्या गुरुत्वमध्याच्या सेंटिमीटरभर मागे. फार मागे गेली तर वेग आल्यावरही नाक वर उचलता येत नाही, कारण विमान ज्या कडेवर डोलणार ती कडच दूर असते. गुरुत्वमध्याच्या पुढे आली तर विमान मागे बसतं आणि पाण्यावर डुचमळत उड्या घेऊ लागतं. त्यामुळे फ्लोट आधी ठरत नाहीत, गुरुत्वमध्य आधी ठरतो. चाकं, त्यांच्या मोटारी आणि पाय काढून टाकल्यावर तो कुठे सरकतो हे पाहिलं, बॅटरीची जागा बदलून तो मूळ जागी आणला, पंखावर पेन्सिलनं खूण केली, आणि फ्लोटची बाकी मापं त्या खुणेपासून मोजली. या हिशेबानं फ्लोटची टोकं पंख्याच्या बरीच पुढे गेली. ते बरंच, कारण पाण्याचे शिंतोडे पंख्याच्या मागे पडले तर त्रास देत नाहीत. पुढे उडाले तर मात्र इतक्या वेगानं फिरणाऱ्या पात्याला प्रत्येक थेंब खड्याएवढा लागतो आणि पात्याची कड खवले पडल्यासारखी होते. फ्लोटच्या पुढच्या कडांना फाइलच्या प्लॅस्टिकची बारीक पट्टी खाली झुकवून चिकटवली. शिंतोडे बाजूला फेकले जातात ते तिच्यामुळे.

खऱ्या स्पिटफायरचे फ्लोट पंखाखाली एकेका जाड, निमुळत्या खांबावर होते. दिसायला देखणे. फोमच्या पंखाला ते झेपणार नव्हते. मी चार मिलिमीटरच्या स्प्रिंग-पोलादी तारांचे पाय केले, पंखातल्या कार्बनच्या दांड्याला लागून प्लायवुडच्या पट्ट्या पुरल्या आणि तारा त्यांत बसवल्या. फ्लोटांना आपसांत जोडणाऱ्या दोन आडव्या तारा वेगळ्या. मॉडेलचे जाणकार नाक मुरडतील. मुरडोत. पाण्यावरचं उतरणं म्हणजे मऊ गादीवर बसणं, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी उंचावरून विहिरीत पोटावर उडी मारून पाहावी.

पाण्यापासून विद्युत भाग वाचवायचे, इथे मात्र माझा धंदा कामी आला. लोकांना वाटतं, पाणी लागलं की मोटार मेली. बोअरमधली सबमर्सिबल मोटार तर पाण्यातच जन्म काढते. तिच्यातल्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं आणि आत पाणीच भरलेलं असतं. मोटार जळते ती बहुधा केबलच्या जोडातून पाणी शिरल्यानं, नाहीतर कोरडी चालल्यानं. विमानाची ब्रशलेस मोटारही उघडीच असते, तारेवर लाखेचा थर असतो, गोड्या पाण्यानं तिचं काही बिघडत नाही. बेअरिंगला गंज चढू नये म्हणून घरी आल्यावर थेंबभर तेल. काळजी घ्यायची ती जोडांची. रिसीव्हरच्या पट्टीवर, स्पीड कंट्रोलरच्या दोन्ही टोकांवर, सर्व्होच्या तारा जिथे आत जातात तिथे सिलिकॉन. बॅटरी आणि रिसीव्हर वरच्या बाजूला, पोटात नाही. पोटाशी पाणी निघून जायला एक भोक, बुच लावलेलं.

मग हौदाची परीक्षा. घरामागे गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद आहे, त्यात विमान सोडलं. पाण्याची रेषा फ्लोटच्या साधारण निम्म्यावर हवी आणि विमान थोडं मागे रेलून बसायला हवं. पंखाच्या एका टोकावर एकेक नट ठेवत गेलो आणि कितव्या नटाला त्या बाजूचा फ्लोट बुडतो ते पाहिलं, मग दुसऱ्या टोकावर तेच. शेजारची पोरं हौदाभोवती. एकानं विचारलं, “काका, हे पान्यात बुडन का जी?” पुतण्यानं परस्पर उत्तर दिलं, “बुडाले नाही, उडाले बनवलं.” म्हैस मात्र दुसऱ्या दिवशीही त्या हौदाला तोंड लावेना, इपॉक्सीचा वास तिला पटला नव्हता.

तलाव सार्वजनिक दिसतो, पण त्याला घरमालक असतात. मासेमारी सहकारी संस्थेकडे असते, एका अंगाला शिंगाड्याचे वेल पसरलेले असतात, पाण्याचा हक्क खालच्या शेतकऱ्यांचा. मी आधी संस्थेतल्या लोकांकडे गेलो. त्यांचा सवाल सरळ होता. “जाळं फाटलं त कोन भरून देईन?” मी म्हटलं, मी देईन. जाळी कुठे लावली आहेत ते त्यांनी सांगायचं, पाळीलगतची पट्टी माझी, शिंगाड्याकडे आणि कमळांकडे जायचं नाही, आणि विमान पाण्यात अडकलं तर डोंगा घेऊन येणाऱ्याला त्याची मजुरी द्यायची. ठरलं. हंगामही आपोआप ठरला. पावसाळ्याअखेर तलाव भरलेला असतो, पण वाऱ्या-पावसाचा नेम नसतो. दिवाळीच्या आसपास पट्टी मोकळी मिळते. थंडी पडली की बाहेरची बदकं येतात, अडयांचे थवे तर आधीपासूनच असतात. एक थवा उठला की तो सगळ्या तलावभर फिरतो. पाखरांमध्ये विमान घालणं वाईट, त्यांच्यासाठीही आणि पंख्यासाठीही. थवा पाळीकडे असला की मी विमानाचा डबा उघडतच नाही. उन्हाळ्यात पाणी आटून मधे आलं की खेळ संपतो.

सरकारी बाजूनं २०२१चे ड्रोन नियम आहेत. छंदासाठी किंवा शिकण्यासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची त्यांत वेगळी व्याख्या आहे. कुठे उडवता येतं त्याचे रंगीत पट्टे नकाशावर दिसतात. ते आधी पाहावेत. आमच्याच जिल्ह्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, तिच्या आसपास असलं काही काढायचा विचारही करू नये.

पाण्यावरच्या विमानाला ब्रेक नसतो, ही गोष्ट वाचून समजत नाही. चाकांचं विमान मोटार बंद केली की थांबतं. हे मोटार बंद केली की सरकत राहतं, आणि मग हळूहळू वळून वाऱ्याकडे तोंड करतं. शेपटी वाऱ्याला मोठी, नाक लहान, म्हणून. आडव्या वाऱ्यात हवं तिकडे वळवायचं तर हवेतला रडर पुरत नाही, कारण वेगच नसतो. उजव्या फ्लोटच्या मागे पत्र्याचं एक बोटभर सुकाणू लावलं आणि ते तंगुसाच्या दोन दोऱ्यांनी शेपटीच्या रडरला जोडलं. डोंग्यावरच्या काकांनी ते पाहून मान हलवली. त्यांना विमानाचं काही कौतुक नव्हतं, पण सुकाणू बरोबर जागी आहे, हे त्यांना पटलं.

हवेत मात्र उलटी तक्रार. तिथे विमान नाक सरळ ठेवेना. वळण घेतलं की शेपटी बाहेर घसरायची आणि सावरायला वेळ लागायचा. कारण पायरीच्याच हिशेबात होतं. फ्लोटचा बराचसा भाग गुरुत्वमध्याच्या पुढे येतो. बाजूनं लागणारा वारा त्या पुढच्या पृष्ठभागाला ढकलतो आणि शेपटीचा पर कमी पडतो. फॉलंडच्या स्पिटफायरच्या फोटोंत शेपटीखाली एक जादा पर स्पष्ट दिसतो. तो तिथे कशाला आहे हे मला तेव्हा नीट उमजलं. पाच सेंटिमीटर खोलीचा तसाच पर फोममधून कापून शेपटीखाली चिकटवला आणि विमान सुतासारखं सरळ झालं. आणखी एक, फ्लोट खाली लोंबत असल्यानं हवेचा सगळा अडथळा खाली येतो आणि नाक खाली ओढलं जातं. एलिव्हेटर कायमचा थोडा वर ठेवला की भागतं. वेग कमी होतो, त्याला इलाज नाही. बॅटरी लवकर संपते.

उड्डाणाचं तंत्र हात शिकतो. सुरुवातीला रिमोटवरची काठी पूर्ण मागे, म्हणजे फ्लोटची टोकं पाण्यात खुपसली जात नाहीत. मोटार वाढवली की विमान नाक वर करून पाणी नांगरत जातं, मागे फेसाचे दोन पट्टे. पंख्याच्या फिरण्यामुळे डावा फ्लोट दबतो आणि विमान डावीकडे ओढ घेतं, तेव्हा उजवा रडर. मग एका क्षणी आवाज बदलतो. फसफस जाऊन टपटप येते, फ्लोट पायरीवर चढलेला असतो. तिथे काठी मधे सोडायची. नवखा माणूस तिथेच घाबरून मागे ओढतो आणि विमान पुन्हा पाण्यात बसतं. काठी सोडल्यावर ते हलकं होऊन पळतं, आणि बोटभर ओढली की पाणी सुटतं. खालून पाण्याची धार गळत असते, ती वळणात बाजूला उडते.

लोक समजतात, तलाव जितका निवांत तितकं बरं. तसं नाही. पहाटे, धुकं उठल्यावर, वारा मुळीच नसताना पाणी इतकं स्थिर असतं की फ्लोट त्याला चिकटूनच बसतात, पायरी असली तरी धाव लांबते. त्याहून वाईट म्हणजे उतरताना पाणी नेमकं कुठे आहे ते डोळ्याला कळत नाही. विमान हातभर वर आहे की वीतभर? खऱ्या पाणविमानांच्या वैमानिकांनाही अशा पाण्यावर उंचीचा अंदाज घेऊ नका, मोटार थोडी चालू ठेवून एकाच संथ गतीनं खाली येत राहा, असं शिकवतात. काठावर उभ्या माणसाला एक सोय असते, विमानाची पाण्यातली छाया वर येताना दिसते आणि दोघांची भेट कुठे होणार ते ताडता येतं. तरी मी ऊन जरा चढू देतो. उत्तरेची हलकी झुळूक सुटली आणि पाण्यावर बारीक खवले उमटले की तीच खरी वेळ.

पाळीवर बसून हे बघणारे हमखास विचारतात, मोठं विमान इथे उतरेल का? २०१७च्या डिसेंबरात गिरगाव चौपाटीसमोर कोडियाक जातीच्या पाणविमानाची चाचणी झाली आणि नागपूरचे नितीन गडकरी तिथे होते, तेव्हापासून हा प्रश्न विदर्भात जास्तच विचारला जातो. त्या विमानाच्या फ्लोटांतच चाकं असतात, म्हणजे पाणी आणि जमीन दोन्ही चालते. तलावाचं म्हणाल तर आमची पट्टी त्याला अपुरी. गोसीखुर्द धरणाचं पाणी अफाट आहे, पण तिथे लाटही तशीच उठते, माझं विमान तर मी तिथे कधी नेणार नाही. एवढ्याशा फ्लोटला वीतभर लाट म्हणजे धुराच.

माझं फ्लोटवरचं विमान पाहून नागपूरच्या एकानं त्याचं मिग-२१चं मॉडेल फ्लोटवर करून मागितलं. मी नाही म्हटलं. त्यात नाकातून हवा ओढणारा आतला पंखा असतो. शिंतोडे थेट त्या तोंडात जाणार आणि नळीतल्या पात्यांचा चुरा होणार. शिवाय त्याचे पंख इतके लहान की पाणी सुटायला लागणारा वेग आमच्या पट्टीत मिळणं कठीण. दुसऱ्यानं हॉकर हरिकेन आणलंय. त्याचा पंख जाड आहे, वजन जास्त पण गती कमी चालते, ते जमेल. फक्त त्याला सांगून ठेवलंय, फ्लोट दिवाळीच्या आधी मिळणार नाहीत. उन्हाळी धानाच्या मोटारी जळून यायला लागल्यात, आणि भट्टीत जागा एकाच कामाला आहे.